कुलूप कुणाचे, चावी कुणाच्या खिशात?

दरवर्षी ४ मार्च आला की एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या फाटकावर सुरक्षा दिनाचे फलक लागतात. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ ची, म्हणून हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. छातीला बिल्ला लावून साहेब लोक शपथ वाचतात, कामगार मागून म्हणतात, निबंध आणि घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात, बक्षिसाला स्टीलचा डबा मिळतो. त्या शपथेच्या रांगेत कंत्राटी हेल्पर शोधून पाहा. तो बहुधा रांगेत नसतो. तो रांगेच्या मागे, बंद पडलेल्या मशीनच्या पोटात हात घालून अडकलेला माल काढत असतो. आणि बहुतेक वेळा तो पोरगा आपल्या वस्तीतला असतो.

आज मला एका कुलपाबद्दल लिहायचे आहे. आपल्या वर्तमानपत्रात राजकारण, आरक्षण, अत्याचार, धम्म यांवर भरपूर लिहिले जाते आणि ते लिहिलेच पाहिजे. पण काही शे रुपयांच्या एका कुलपाअभावी आपली पोरे मरतात, त्यांची बोटे जातात, हात जातात, यावर आपण लिहीत नाही, बोलत नाही, मोर्चा तर काढतच नाही. या न बोलणाऱ्यांत मीही होतो. म्हणून आधी माझी चूक सांगतो, मग कायदा सांगतो.

साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सनद मिळून तीन-चार वर्षे झाली होती. एक माउली हातात पिशवी घेऊन माझ्या टेबलासमोर येऊन बसली. पिशवीत मुलाचा दहावीचा दाखला, ठेकेदाराने दिलेला गेटपास आणि शवविच्छेदनाचा अहवाल. मुलगा बावीस वर्षांचा. कारखान्यात मिक्सरवर हेल्पर. रात्रपाळी संपताना मिक्सरच्या आत चिकटलेला माल खरवडायचा, हे त्याचे रोजचे काम. मोठ्या पात्यांच्या त्या भांड्यात कमरेपर्यंत उतरल्याशिवाय ते काम होतच नसे. मिक्सर बंद केला होता, म्हणजे लाल बटण दाबले होते. ऑपरेटर चहा पिऊन आला. आत कोणी आहे हे त्याला दिसले नाही, पुढच्या पाळीचा माल लावायची घाई होती. त्याने हिरवे बटण दाबले.

पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो ऑपरेटरवर. हा ऑपरेटरही आपल्याच समाजातला, दोन लेकरांचा बाप. एक आपला सरणावर आणि एक आपला आरोपीच्या पिंजऱ्यात! मालक दोन्ही ठिकाणी नव्हता. मी त्या माउलीतर्फे भरपाई आयुक्तांपुढे दावा लढवला. मालक म्हणाला, हा आमचा कामगारच नाही, ठेकेदाराचा आहे. ठेकेदार म्हणाला, त्याला आत उतरायला सांगितले नव्हते, त्याचाच हलगर्जीपणा. मी दोघांनाही खोटे पाडले. भरपाईची रक्कम जमा झाली, माउलीने माझ्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला, मी तिला थांबवले. वस्तीत माझे नाव झाले. फाईल बांधून कपाटात ठेवली.

पुढे दीड-दोन वर्षांनी त्याच कारखान्यातल्या त्याच मिक्सरने दुसऱ्या एका पोराचा उजवा हात कोपरापासून नेला.

त्या संध्याकाळी आमच्या विहारात एक निवृत्त फिटर माझ्याजवळ येऊन बसले. सगळे त्यांना नाना म्हणत. पस्तीस वर्षे मेंटेनन्स खात्यात घालवलेला माणूस. ते म्हणाले, "वकीलसाहेब, राग मानू नका. पण मागच्या टायमाला कोर्टात तुम्ही सारखं विचारत होता, मशीन कोणी चालू केलं? हा सवालच चुकीचा होता."

मी विचारले, "मग नाना, काय विचारायला हवं होतं?"

"माणूस आत असताना ते चालू होऊ कसं शकलं, हे विचारायचं. बटण दाबणारा माणूस आहे. तो चुकणारच. आज हा चुकला, उद्या दुसरा चुकेल. पण त्यानं बटण दाबलं तरी मशीन हललं नाही पाहिजे, ही सोय कोणी केली नव्हती? त्याला पिंजऱ्यात उभं करा."

नाना जे म्हणाले ते मी कायद्याच्या कोणत्या वर्गात शिकलो नव्हतो. मी माउलीला पैसे मिळवून दिले, पण मिक्सरला कुलूप लावून दिले नाही. कारखाने निरीक्षकाकडे साधा एक अर्ज केला असता, तर कदाचित त्या दुसऱ्या पोराचा हात वाचला असता. हे ओझे घेऊन मी आजही फिरतो.

लाल बटण म्हणजे बंद नव्हे

आता या कुलपाची गोष्ट नीट समजून घेऊ. बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही वाटते की मशीन थांबले म्हणजे बंद झाले. नाही! थांबलेले मशीन हे झोपलेल्या वाघासारखे असते. लाल बटण दाबल्याने मोटार थांबते, पण वीज पॅनेलपर्यंत आलेलीच असते. कोणी हिरवे बटण दाबले, कोणाचा धक्का लागला, सेन्सरवरचा अडसर दूर झाला की वाघ उठतो. म्हणून देखभालीचा जगभर मान्य झालेला नियम असा की दुरुस्ती, सफाई, डाय बदलणे, अडकलेला माल काढणे यांपैकी काहीही करण्याआधी मशीनला मिळणारी शक्ती मुळापासून तोडायची आणि जिथे तोडली तिथे कुलूप लावायचे. कुलपासोबत एक पाटी लावायची. तिच्यावर काम करणाऱ्याचे नाव, खाते, तारीख आणि 'माणूस काम करीत आहे, चालू करू नये' ही सूचना. कारखान्यांत याला लॉकआऊट-टॅगआऊट किंवा नुसते 'लोटो' म्हणतात. मालकाने कामगारांना बाहेर ठेवून कारखाना बंद करायचा तो लॉकआऊट, म्हणजे टाळेबंदी, वेगळी. ती टाळेबंदी कामगाराची रोटी हिसकावते, हे कुलूप कामगाराचा जीव वाचवते. अमेरिकेने १९८९ साली यासाठी स्वतंत्र मानक केले.

नुसती पाटी पुरत नाही. पाटी ही विनंती असते, कुलूप हा अटकाव असतो. पाटी वाऱ्याने पडते, तेलाने पुसते, अंधारात दिसत नाही, आणि वाचता न येणाऱ्याला तर काहीच सांगत नाही. कुलूप मात्र काही वाचायला लावत नाही.

या पद्धतीचा आत्मा एका वाक्यात सांगता येतो. एक माणूस, एक कुलूप, एक चावी. मशीनवर पाच जण काम करीत असतील तर पाच कुलपे. त्यासाठी अनेक कुलपे बसतील अशी भोकांची कडी मिळते. पाचांपैकी एकाचेही कुलूप लटकत असेल तोवर स्विच वर जाऊ शकत नाही. चावी सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये नाही, ठेकेदाराच्या गाडीत नाही, जो आत उतरतो त्याच्या खिशात. ज्याने लावले त्यानेच काढायचे.

दुसरी गोष्ट साठलेल्या शक्तीची. वीज तोडली तरी धोका संपत नाही. हवेच्या नळीत दाब असतो, हायड्रॉलिकच्या तेलात दाब असतो, वर उचललेला प्रेसचा दट्ट्या स्वतःच्या वजनाने खाली येतो, दाबलेली स्प्रिंग उसळते, फिरते चाक थांबायला वेळ घेते, कॅपॅसिटरमध्ये वीज उरते, पाइपात वाफ किंवा रसायन असते. म्हणून दाब सोडायचा, दट्ट्याखाली ठोकळा लावायचा, वॉल्व्हलाही कुलूप घालायचे. आणि शेवटी, सगळ्यांत महत्त्वाचे, कुलूप लावल्यावर हिरवे बटण दाबून बघायचे. मशीन हलले नाही तरच हात घालायचा. कारण कधी कधी कुलूप शेजारच्याच मशीनच्या स्विचला लागलेले असते!

नाना सांगायचे, त्यांच्या काळात कुलपे मिळत नसत तेव्हा जुने फिटर पॅनेलमधला फ्यूज काढून खिशात घालत आणि मगच मशीनला हात लावत. "माझा जीव माझ्या खिशात," असे ते म्हणत. इंग्रजी नाव माहीत नसलेल्या कामगाराने स्वतःच्या अकलेने शोधलेली ही सुरक्षा. पण कायमस्वरूपी फिटरला फ्यूज काढायची हिंमत होती, कारण त्याच्यामागे युनियन होती. आजच्या कंत्राटी पोराने फ्यूज काढला तर उद्या त्याचा गेटपास निघतो.

पाळी बदलताना काय होते?

हा प्रश्न लहान वर्कशॉपपुरता नाही. ६ जुलै १९८८ रोजी स्कॉटलंडजवळच्या उत्तर समुद्रात पायपर अल्फा या तेलवायूच्या फलाटावर स्फोट झाला आणि १६७ माणसे मेली. कारण काय? एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढलेली होती. तिच्या जागी नुसते झाकण बसवले होते. दिवसपाळीने तसे कागदावर लिहिले, पण तो कागद रात्रपाळीपर्यंत नीट पोचला नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, म्हणून कामगारांनी हा पंप सुरू केला. वायू सुटला आणि पुढचे सगळे घडले. कागद हरवतो. पंपाच्या स्विचला दुरुस्ती करणाऱ्याचे कुलूप असते तर पंप सुरूच करता आला नसता.

आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशात रायबरेली जिल्ह्यातल्या उंचाहार येथील एनटीपीसीच्या औष्णिक वीज केंद्रात बॉयलरमध्ये राख साचली होती. युनिट पूर्ण बंद न करता राख काढण्याचे काम चालू राहिले. गरम राख आणि वाफ अंगावर येऊन चाळीसहून अधिक कामगार गेले. त्यांत कंत्राटी मजुरांचा भरणा होता. फलाट असो, वीज केंद्र असो की आपल्या एमआयडीसीतला मिक्सर, उत्पादन थांबू नये म्हणून चालू यंत्रात माणूस घातला जातो. हरयाणातल्या मानेसर-फरिदाबाद पट्ट्यातल्या जखमी कामगारांबरोबर काम करणारी 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून अहवाल काढते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांत पावर प्रेसवर बोटे गमावणाऱ्या तरुण, स्थलांतरित, कंत्राटी पोरांचीच कहाणी त्यात आहे. चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, बुटीबोरी इथल्या पोरांना ती वेगळी वाटणार नाही.

कायदा काय म्हणत होता, काय म्हणतो

"पण वकीलसाहेब, असा कायदा आहे का?" असे मला सभांत विचारतात. होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम २४ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने स्पष्ट तरतूद आली, की वीज तोडण्याचे साधन चुकून 'बंद'वरून 'चालू'कडे सरकू शकत असेल तर ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची व्यवस्था असलीच पाहिजे. कलम २२ प्रमाणे चालू यंत्राजवळ तपासणी किंवा तेलपाणी करायचेच झाले, तर ते खास प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ कामगारानेच करायचे, त्याला अंगाला घट्ट बसणारे कपडे द्यायचे आणि त्याचे नाव रजिस्टरात लिहायचे. माझ्या माउलीच्या पोराचे नाव कोणत्या रजिस्टरात होते? ठेकेदाराच्या हजेरीवहीतसुद्धा ते दोन महिन्यांनी लागले होते! म्हणजे तो मेला तेव्हा हा कायदा जवळजवळ तीस वर्षे जुना होता. तो कागदावर होता, मिक्सरवर नव्हता. भोपाळनंतर १९८७ साली आणखी दुरुस्त्या झाल्या, मालकाची सर्वसाधारण जबाबदारी आणि कामगाराचा माहितीचा हक्क कायद्यात आला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात सांगितले की कंपनीचा संचालकच भोगवटादार म्हणून जबाबदार राहील, एखाद्या मॅनेजरला पुढे करून त्याला सुटता येणार नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा १९४८ चा अधिनियम गेला आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली. तिची दोन्ही अंगे आपल्या लोकांना कळली पाहिजेत. वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या केंद्रीय कायद्यात १० कामगारांपासून होती, ती आता २० पासून आहे. वीज न वापरणाऱ्याची २० होती, ती ४० झाली. सुरक्षा अधिकारी नेमायचे बंधन ५०० कामगारांच्या कारखान्याला, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० च्या. आपली पोरे जिथे बारा-पंधरा जण एका शेडमध्ये प्रेस चालवतात, तिथे कारखान्याची ही व्याख्याच पोचत नाही. यंत्राला कठडा, वीज तोडण्याचे साधन, कुलूप यांच्या सविस्तर तरतुदी मूळ कायद्यातून निघून सरकारने जाहीर करायच्या मानकांकडे गेल्या. कायदा बदलायला संसदेत उभे राहावे लागते, मानक बदलायला अधिसूचना पुरते. हा फरक ज्यांना संविधान कळते त्यांना सांगायला नको.

पण जे हाती आहे ते सोडायचे नाही. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे आता मालकावर बंधनकारक आहे. सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क कामगाराला आहे. जिवाला तातडीचा गंभीर धोका वाटला तर तो मालकाच्या नजरेस आणून देण्याचा आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवण्याचा हक्क कलम १४ मध्ये आहे. कर्तव्य मोडल्यामुळे मृत्यू झाला तर कलम १०३ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड किंवा दोन्ही. गंभीर इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन ते चार लाख दंड किंवा दोन्ही. या दंडातली किमान निम्मी रक्कम पीडिताला किंवा त्याच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. पण मागितल्याशिवाय कोण देतो? वकिलाने अर्जात लिहिलेच नाही तर न्यायाधीश कुठून देणार? शिवाय भारतीय न्याय संहितेत यंत्राबाबतच्या निष्काळजीपणाचे वेगळे कलम २८९ आहे आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचे कलम १०६ आहे. पोलीस आधी 'आकस्मिक मृत्यू' लिहून मोकळे होतात, फार तर ऑपरेटरला धरतात. त्यांना मालकाच्या केबिनपर्यंत नेणे हे चळवळीचे काम आहे.

भरपाईच्या कायद्यात एक परिशिष्ट आहे. ते वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली, एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के. शरीराचा असा दरपत्रक. पण १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने डावा हात गेलेल्या एका सुताराच्या प्रकरणात म्हटले की तो पुन्हा सुतारकाम करू शकत नसेल तर त्याचे नुकसान १०० टक्के धरा. हा निकाल आपल्या प्रत्येक वकिलाच्या बॅगेत असला पाहिजे. आणि मालकाची आवडती ढाल, 'त्याने मुद्दाम नियम मोडला', ही मृत्यूच्या किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या दाव्यात भरपाईतून सुटण्यासाठी चालत नाही. कामगार ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाकडून भरपाई मागता येते, मालकाने ती ठेकेदाराकडून वसूल करीत बसावे.

धोक्याचीही जात असते

परमपूज्य बाबासाहेबांनी सांगून ठेवले आहे की जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. मला त्यात आजच्या कारखान्याचे चित्र दिसते. बटणाजवळ कोण आणि पात्याजवळ कोण? संगणकासमोर कोण आणि टाकीच्या आत कोण? १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. रेल्वेत आपला माणूस गँगमनच्या पुढे का जात नाही आणि गिरणीत विणकाम खात्याचे दार त्याला का बंद आहे, हेही त्यांनी मांडले. आज विणकाम खात्याचे दार उघडे आहे, पण गिरणीच उरली नाही. जे उरले त्यात साफसफाई, खरवडणे, टाकीत उतरणे, गटार उपसणे ही कामे जुन्याच पत्त्यावर येतात. फक्त पाटलाच्या जागी लेबर कॉन्ट्रॅक्टर आहे.

गटाराचेच घ्या. मॅनहोलमध्ये माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने बंद आहे. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. तरी पोरे उतरतात आणि मरतात. वायू असतो, आणि कधी वरच्या बाजूचा पंप कोणीतरी सुरू करतो. इथेही तोच प्रश्न आहे. शक्ती तोडली होती का? कुलूप कुणाचे होते?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरियाच्या कोळसा पट्ट्यात गेले आणि स्वतः खाणीत उतरले. मजुरांची घरे पाहिली, काम पाहिले. १९४६ साली त्यांनी कारखाने कायद्यात दुरुस्ती आणून कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणला. दिल्लीत बसून कायदा करता आला असता, पण ते खाली उतरून आले. आपण त्यांचे अनुयायी, पण आपल्यातले किती जण आपल्याच वस्तीतल्या पोराच्या मशीनपर्यंत गेलो आहोत?

आता खंडेनवमी आठवा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या कारखान्यांत मशीन धुतात, पुसतात, झेंडूच्या माळा घालतात, लिंबू बांधतात, नारळ फोडतात. त्या दिवशी मशीन खरोखर बंद असते! भटजी येईपर्यंत कोणी बटणाला हात लावत नाही. पूजेसाठी उत्पादन थांबते, पण माणसाचा हात आत असताना अर्धा तास थांबवायला मालकाला परवडत नाही. आणि अपघात झाला की हेच लोक म्हणतात, "त्याचं नशीब." दुसऱ्या दिवशी अशोक विजयादशमीला आपण दीक्षाभूमीवर जातो आणि नशीब नाकारणारा धम्म आठवतो. तथागताने कार्यकारणभाव शिकवला. कारण असेल तर परिणाम होतो, कारण काढले तर परिणाम थांबतो. मिक्सर फिरला कारण वीज होती, वीज होती कारण स्विच मोकळा होता, स्विच मोकळा होता कारण कुलूप घेतले नव्हते, कुलूप घेतले नव्हते कारण आत उतरणाऱ्याच्या जिवाची किंमत कुलपापेक्षा कमी धरली होती. यात नशीब कुठे बसते?

आपण काय करायचे?

पहिले, विहारात दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास कामगारांसाठी ठेवा. आपल्या समाजात निवृत्त फिटर, इलेक्ट्रिशियन, आयटीआयचे निदेशक शेकड्याने आहेत. त्यांनी पोरांना स्विच, वॉल्व्ह आणि कुलूप दाखवून शिकवावे. भाषणापेक्षा एक जुने पॅनेल आणून ठेवा, दोन कुलपे लावून दाखवा. पोरे विसरणार नाहीत.

दुसरे, कारखान्यात एकट्याने भांडू नका. एकट्याचा गेटपास जातो. दहा जणांच्या सहीने लेखी मागणी करा, की प्रत्येक मेंटेनन्स आणि सफाई कामगाराला स्वतःचे कुलूप मिळावे, कंत्राटी असला तरी. प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला पाठवा आणि पोच जपून ठेवा. हीच पोच उद्या न्यायालयात सांगेल की मालकाला धोका माहीत होता.

तिसरे, दुर्दैवाने अपघात झालाच तर पहिल्या चोवीस तासांत पॅनेलचा, स्विचचा, मशीनचा फोटो घ्या. नंतर तिथे नवे कुलूप आणि नवी पाटी लटकलेली दिसते, हा माझा अनुभव आहे. कोऱ्या कागदावर सही नाही. गेटपास, पगाराची नोंद, ईएसआयचा क्रमांक सांभाळा. कामगार ईएसआयमध्ये असेल तर आश्रितांना मजुरीच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने दरमहा लाभ मिळतो. मालकाने रोख रकमेचे पाकीट पुढे केले की तो हक्क विसरू नका.

चौथे, बटण दाबणाऱ्या ऑपरेटरच्या घरावर दगड मारू नका. तो बहुधा आपलाच असतो आणि जन्मभर झोपत नाही. त्या जुन्या खटल्यातला ऑपरेटर निर्दोष सुटला, पण पुन्हा कधी मशीनपुढे उभा राहिला नाही. आता तो भाजी विकतो.

पाचवे आमच्या वकिलांसाठी. नुसती भरपाई घेऊन फाईल बांधू नका. दाव्यासोबत निरीक्षकाकडे तक्रार करा आणि मशीनला कुलूप लागेपर्यंत पाठपुरावा करा. भरपाई मेलेल्याच्या घरी जाते, कुलूप जिवंत माणसाच्या कामी येते.

मागच्या पौर्णिमेला ती माउली मला विहारात भेटली. आता खूप थकली आहे. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पोराचा फोटो लावला आहे म्हणाली. तिचा नातू, धाकट्या मुलाचा मुलगा, आयटीआय करून कारखान्यात लागला आहे. मी विचारले, कशावर काम करतो? तिला मशीनचे नाव सांगता आले नाही. ती म्हणाली, "साहेब, तुमच्या नानांनी त्याला एक कुलूप दिलंय. रोज डब्यासोबत नेतो. चावी गळ्यात घालतो."

सत्तेची चावी हाती घ्या, असे बाबासाहेब आपल्याला सांगून गेले. ती मोठी चावी मिळवायची लढाई चालूच राहील. पण तोवर आपल्या प्रत्येक कामगाराच्या गळ्यात ही लहान चावी तरी असू द्या.

जयभीम!